उनरूंच्या शेताचा उत्तर कोपरा

९ जून, रविवार

आमच्या घरातून कात्र्या नाहीशा झाल्या आहेत. एखाददुसरी नव्हे, सगळ्या. स्वयंपाकघरातली गेली, शिवणाच्या डब्यातली गेली, आणि आज सकाळी चर्चला निघताना पाहतो तो न्हाणीघरातली माझी मिशीची कात्रीही परलोकवासी झालेली. मिशी ही माझी एकमेव स्थावर मालमत्ता. ती ओठांवर उतरून माझ्याआधी कॉफी पिऊ लागली, तरी घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. आज भजनात वरचा सूर लावताना दोन केस तोंडात गेले आणि 'कृपा' या शब्दावर मला ठसका लागला. पुढच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, मला गहिवरून आलं. त्यांनी मागे वळून माझा हात दाबला.

लॉरीनला विचारलं. म्हणाली, "असतील प्रयोगशाळेत."

मिशीची कात्री गव्हाच्या प्रयोगशाळेत कशी जाईल? तरुणपणी इथल्याच विद्यापीठात संस्कृत शिकलो, न्यायशास्त्रातल्या अनुमानाचे पाचही अवयव पाठ केले. पण बायको "असतील" म्हणाली की पाचही अवयव लुळे पडतात. (तो विभाग माझ्या मागोमाग बंद झाला. मी शेवटचा विद्यार्थी. दाराला कुलूप लावायला शिपाई आला होता, बाकी कुणी नाही.)

आता खरी गोष्ट. राज्यपालांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आहे, तेही ऐन कापणीत. विषय करांचा, पण त्याच्या शेपटाला आमच्या ड्वाइट उनरूचं विधेयक बांधलं आहे: ज्या विद्यापीठाची परदेशात शाखा असेल, त्याला राज्याकडून संशोधनासाठी छदामही मिळणार नाही. आमच्या विद्यापीठाने आखातातल्या एका राज्यात शाखा काढली आहे, संगमरवरी खांबांची. लॉरीनची गव्हाच्या तांबेऱ्यावरची, म्हणजे पिकावर पडणाऱ्या त्या बुरशीच्या रोगावरची, प्रयोगशाळा राज्याच्या निधीवर चालते. विधेयक मंजूर झालं, तर जुलैपासून तिच्या दारालाही कुलूप.

आणि जन्मभर विधिमंडळाच्या बातम्या लिहिणाऱ्या मला यातलं एक अक्षर लिहिता येत नाही. संपादक बेव्ह म्हणाली, "एल्डन, तू तिचा नवरा आहेस. नवरेपणाचा राजीनामा दे आणि बातमी घे, नाहीतर गप्प बस." मला सध्या जत्रेतल्या मुरंब्यांच्या स्पर्धेवर नेमलं आहे. म्हणून ही वही.

११ जून, मंगळवार

राजधानीला जाण्याआधी ड्वाइट येऊन गेला. शाळेत तो माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. आता पलीकडचं सगळं गव्हाचं शेत त्याचं, आणि राज्याच्या सिनेटमधली खुर्चीही त्याची. वाईट माणूस असता तर किती सोयीचं झालं असतं.

"ड्वाइट," लॉरीन म्हणाली, "तू मला बुडवतोयस, आणि वर माझ्याच ओसरीत बसून माझाच केक खातोयस."

"केक चांगला झालाय," ड्वाइट म्हणाला. "हे बघ, माझा राग तुझ्यावर नाही. त्या व्हिटलोवर आहे."

डॉक्टर व्हिटलो म्हणजे विद्यापीठाचे अध्यक्ष. संगमरवर त्यांचाच.

"तिकडच्या सरकारशी त्याने काय करार केला, तो दाखवत नाही," ड्वाइट पुढे म्हणाला. "मी तीन पत्रं पाठवली. उत्तर म्हणून शाखेचा रंगीत फोटो आला, सूर्यास्ताचा. इथल्या लोकांच्या पैशातून निघालेली विद्या तिकडे कुणाच्या कपाटात जाते, हे विचारायचा मला हक्क आहे की नाही?"

"आहे. शंभरदा आहे. मग व्हिटलोची मान धर. माझ्या मानेवर पाय कशाला?"

"त्याची मान सापडत नाही ना. निधी थांबला की आपोआप वर येईल."

"तोवर माझी मोडलेली असेल."

ड्वाइटने केकचा आणखी एक तुकडा घेतला. लॉरीनने त्याला हनानबद्दल सांगितलं. डॉक्टर हनान तिकडच्या शाखेत आहे, लॉरीनसारखीच तांबेऱ्याच्या मागे लागलेली. रोगाची नवी जात आली की आधी तिच्या बाजूच्या शेतांत दिसते. ती लगेच कळवते, आणि लॉरीन इथे त्या जातीला पुरून उरेल असं बियाणं शोधायला लागते.

"तुझ्या शेतात तांबेरा शेवटचा कधी दिसला?" लॉरीनने विचारलं.

ड्वाइटने आठवून पाहिलं. "बाबा तरुण असताना असेल."

"ते हनानमुळे."

"असेल," ड्वाइट म्हणाला. "पण तिचं नाव विधेयकात कसं घालू? कायदा माणसं बघत नाही, लॉरीन."

"बघायला शिकव त्याला. वर्षानुवर्षं माझे प्रयोगाचे वाफे तुझ्या उत्तरेच्या कोपऱ्यात उभे आहेत. भाडं घेतलंस कधी?"

"शेजाऱ्याकडून कसलं भाडं?" तो खरोखर दुखावला.

जाताना म्हणाला, आता त्याला एकच काळजी आहे. अधिवेशन लांबलं तर गहू उभाच राहील. मी म्हणालो, "आम्ही मेलोय की काय?" आमच्याकडे कुणी आजारी पडला, वारला किंवा सरकारी कामात अडकला, की शेजारी आपापले हार्वेस्टर घेऊन जातात आणि त्याचं शेत कापून देतात. बोलवावं लागत नाही.

तो गेल्यावर लॉरीन बराच वेळ उत्तरेकडे बघत उभी होती. पावसाचा अंदाज घेत असावी.

१४ जून, शुक्रवार

लॉरीनला विधेयकावरच्या समितीपुढे बोलण्यासाठी मी भाषण लिहून दिलं. आधी पूर्वपक्ष, म्हणजे ड्वाइटचं म्हणणं, त्याच्यापेक्षाही चांगल्या रीतीने मांडलं. मग खंडन. मग सिद्धान्त. आपले पणजोबा समुद्रापलीकडून आले तेव्हा ट्रंकेत बियाण्याचा गहू घेऊन आले, हा उत्तरार्ध. लिहिताना माझेच डोळे पाणावले. लॉरीनने वाचलं, "छान आहे" म्हणाली आणि कागद उलटा करून पाठीमागे आकडे लिहू लागली.

गाडी चार दिवस बाहेर उभी आहे. गॅरेजमध्ये जमिनीपासून छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांत कागदी पाकिटं. लॉरीनचे विद्यार्थी पहाटे ड्वाइटच्या शेताकडे जातात आणि संध्याकाळी पोतीभर पाकिटं घेऊन येतात. गारा पडल्या तर गाडीचं काय, असं विचारलं, तर म्हणते, "गाडीला तांबेरा होत नाही."

कात्र्यांचा शोध मात्र लागला. गॅरेजच्या फळीवर सगळ्या ओळीने मांडलेल्या. माझ्या कात्रीवर गव्हाची कुसळं चिकटलेली. एरवी नमुन्याच्या ओंब्या कापायचं हे काम ती कापणीच्या तोंडावर सावकाश करते, यंदा हातघाईवर आली आहे. काळजीने माणसाचं असंच होतं. मी कात्री धुतली आणि मिशी कापली. अर्ध्या मिशीला गव्हाचा वास येतोय.

१७ जून, सोमवार

उद्या उनरूंचं शेत. बेव्हचा फोन: "हे लिही. राजकारण नाही, नुसता शेजारधर्म. आणि तुझी संस्कृत विशेषणं घरी ठेवून ये."

१८ जून, मंगळवार

असा दिवस मी फार वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याचा शेवट असा व्हायला नको होता.

सकाळी मी निघालो तेव्हा लॉरीन सिंकपाशी उभी होती. वळून न बघता म्हणाली, "जेककाकांनी उत्तरेच्या कोपऱ्याचं विचारलं, तर सांग, शेत त्यांचं आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

जेककाका म्हणजे ड्वाइटचे वडील. ऐंशी उलटली, पण आज कापणीचे सेनापती तेच. सकाळचं दव वाळलं आणि रस्त्याच्या वळणावरून हार्वेस्टर येऊ लागले, लाल, हिरवे, एकाचा रंगच उडालेला. ज्यांची निम्मी स्वतःची शेतं अजून उभी होती, तेही आले. दोन भावांमधलं भांडण इतकं जुनं, की कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नाही; तेही आले आणि शेजारी शेजारी यंत्रं चालवू लागले, अर्थात एकमेकांकडे न बघता. धुळीचा ढग उठला. मला गव्हाचा ट्रक दिला होता. भरायचा, गावातल्या कोठारावर रिता करायचा, परत यायचं.

दुपारी बायकांनी ट्रकच्या मागच्या फळ्या पाडून जेवण मांडलं. खिमा आणि कोबी भरलेले गरम पाव, हॅम, काकडीचं लोणचं, तीन तऱ्हांचे फ्रूट-पाय, फळं भरून भाजलेले. जेककाका माझ्याजवळ आले.

"एल्डन, त्या कोपऱ्याचं काय करायचं रे? लॉरीनचं काहीतरी असतं तिथे."

"लॉरीन म्हणाली, शेत तुमचं आहे."

त्यांनी टोपी सारखी केली. "भली बाई आहे."

आमच्या लोकांत एक दोष आहे. कुणी काही विचारलं तर सरळ नाही म्हणायचं नाही, आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर अविश्वास. मला वाटलं, लॉरीनचा निरोप म्हणजे स्वतःचं समजून जपा. जेककाकांना वाटलं, खुशाल कापा. दोघेही एकमेकांचा मान राखत फ्रूट-पाय खात बसलो.

कोठारावरून परतलो तेव्हा उत्तरेचा कोपरा सपाट झाला होता. तीनशे जातींचे तीनशे वाफे, एकाच ट्रकमध्ये, एकाच ढिगात. वाफ्यांच्या पांढऱ्या खुंट्या जेककाकांनी स्वतःच्या हाताने उपटल्या, माती पुसली आणि कुंपणापाशी लाकडाच्या मोळीसारख्या नीट रचून ठेवल्या. मला बघून हात हलवला. "एक काडी उभी ठेवली नाही बघ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

घरी येऊन लॉरीनला कसं सांगितलं ते माझं मला ठाऊक.

ती म्हणाली, "तू तसंच सांगितलंस ना, जसं मी म्हणाले?"

"अगदी तसंच."

"बरं केलंस. आणि खुंट्या?"

"कुंपणापाशी. पुसून ठेवल्यात."

"पुसून?" तिने हातातला टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. मी तिला एकटं सोडून ओसरीत आलो. अशा वेळी नवऱ्याने शब्द बोलू नयेत.

२० जून, गुरुवार

काल कुणीतरी जेककाकांना समजावून सांगितलं. आज सकाळी ते स्वतः गाडी चालवत आले, हातात टोपी, सीटवर अख्खं हॅम.

"लॉरीन, पोरी, मी तुझं वर्षभराचं काम कापलं."

"चांगल्या मनाने कापलंत, जेककाका. आत या."

"किती गेलं त्यात?"

"गहू होता हो," लॉरीन म्हणाली. "आणि तुमच्या शेतातला होता. बसा, कॉफी टाकते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काय नुकसान झालं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढा मोठेपणा माझ्यात नाही. मी असतो तर निदान एक आकडा तरी सांगितला असता.

दुपारी ड्वाइटचा फोन. मी घेतला. 

"एल्डन, ती काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"अरे देवा," ड्वाइट म्हणाला. "ओरडली असती तर बरं होतं."

२५ जून, मंगळवार

समितीची सुनावणी. बेव्हने जाऊ दिलं, पण एका अटीवर: खिशात पेन्सिलही नाही. मी प्रेक्षकांत बसलो, दोन्ही हात मांडीखाली.

आधी व्हिटलो. पडद्यावर चित्रं, जगाच्या नकाशावर बाण, प्रत्येक वाक्यात 'जागतिक'. सूर्यास्ताचा तोच फोटो. समितीतल्या एका म्हाताऱ्या सिनेटरबाईंनी विचारलं, "ते सगळं छानच आहे. करार कुठे आहे?" व्हिटलो म्हणाले, तो वकिलांकडे आहे. बाईंनी वही मिटली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. व्हिटलोंना पाडताना लॉरीनही पडणार.

मग लॉरीन. माझं भाषण तिच्या हातात होतं, पण ती पाठीमागची बाजू वाचत होती. तांबेरा काय करतो, तो किती दिवसांत शेत खातो, इथला गहू गेली कित्येक वर्षं का वाचतो. कुठे आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "हे काम मी इथल्या मातीत करते. बहुतेक करून उनरूंच्या शेतात."

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "तिथले वाफे गेल्या आठवड्यात चुकून कापले गेले, असं ऐकलं. वर्षाचं काम गेलं का?"

लॉरीनने उत्तराला तोंड उघडलं, तोच ड्वाइटने हात वर केला.

"ते मी सांगतो, अध्यक्ष महाराज. तिला सांगायला लावू नका." तो उभा राहिला. सुटाला अजून दुकानाच्या घड्या होत्या. "माझ्या वडिलांनी कापले. माझ्यासाठी. सगळं गाव आलं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. खुंट्या होत्या, दिसत होत्या. पण त्या कोणाच्या आणि कशासाठी, हे दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. माझं विधेयक मी पुन्हा वाचलं. मीही तेच केलंय. रुंद यंत्र घेऊन सरळ निघालो, कोपरा बघितला नाही." पाण्याचा घोट घेतला. "करार लपवणाऱ्याला सोडायला मी आजही तयार नाही. व्हिटलोसाहेब, तो कागद इथे टेबलावर येईल, नाहीतर तुमच्या कचेरीला एक पैसा मिळणार नाही. पण जे संशोधन या राज्याच्या मातीत होतं, त्याला हात लावणार नाही. दुरुस्ती मीच मांडतो."

शेतकरी प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्षांनी हातोडा आपटला. मग त्यांनी स्वतःही दोन वाजवल्या.

परतीच्या वाटेत मी लॉरीनला म्हणालो, "अध्यक्षांना उत्तर द्यायला तुला जड गेलं असतं."

"हो," ती म्हणाली, "फार जड गेलं असतं." आणि खिडकीबाहेर बघून गुणगुणू लागली.

२८ जून, शुक्रवार

मंजूर! सुधारलेलं विधेयक दणदणीत बहुमताने मंजूर. व्हिटलोंनी करार टेबलावर ठेवला. त्यात फार भयंकर काही निघालं नाही, एक क्रिकेटचं मैदान निघालं, ते कशासाठी हे त्यांनाही सांगता आलं नाही. पण यापुढे असला प्रत्येक करार आधी विधिमंडळापुढे येईल. म्हणजे ड्वाइट जिंकला आणि लॉरीनही जिंकली. तर्कशास्त्रात असं होत नाही, इथे झालं.

बातमी कळताच गावात हॉर्न वाजू लागले. कोठारावरच्या माणसाने भोंगा वाजवला, तो एरवी वादळ आलं तरच वाजतो, त्यामुळे निम्मं गाव तळघरात जाऊन बसलं आणि आनंद त्यांना अर्ध्या तासाने कळला. जेककाकांनी पुढच्या वर्षी लॉरीनला उत्तरेचाच नव्हे, पूर्वेचाही कोपरा देऊ केला आहे. दोन अबोल भावांनी एकमेकांना "झालं बरं का" असं म्हटलं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बेव्हने मुरंब्यांवरून माझी सुटका केली. विद्यार्थ्यांनी लॉरीनला उचलून प्रयोगशाळेभोवती फेरी मारली. ती ओरडत होती, "खाली ठेवा, गाढवांनो!" आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

घरी येऊन लगेच ती गॅरेजमध्ये पाकिटं लावायला बसली. प्रत्येकावर वाफ्याचा क्रमांक, एक ते तीनशे. जुनी असावीत. एवढं सगळं हातचं गेल्यावर माणूस जुन्यातच मन रमवतो. मी कॉफी नेऊन दिली.

३० जून, रविवार

ड्वाइट आला, आज केक त्याने आणला. मंजूर झालेल्या दुरुस्तीचा मसुदा लॉरीनपुढे ठेवला आणि बोटाने एक ओळ दाखवली. राज्याचा निधी घेणाऱ्या प्रयोगशाळेने परदेशी शाखेशी नमुन्यांची, आकड्यांची, निष्कर्षांची देवाणघेवाण करायची नाही.

"ही ओळ काढायला मी तीन दिवस भांडलो," तो म्हणाला. "त्याशिवाय मतं मिळेनात. लोक म्हणाले, ड्वाइट, मूळ विधेयकातलं काहीतरी तर राहू दे. शपथेवर सांगतो."

"ठाऊक आहे मला," लॉरीन म्हणाली.

"ही ओळ काढायचा प्रस्ताव पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडतो."

"मांड." तिने केक कापला, त्याला मोठा तुकडा दिला. "हनानला मी काल सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन."

 बाहेर ड्वाइटच्या कापलेल्या रानात पाखरं उतरली होती.

तो गेल्यावर मी बेव्हला उद्याचा लेख पाठवला. विजयाचा आहे, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. त्यात नाही ते इथे लिहितो. तांबेरा वाऱ्यावर येतो, त्याला कायदा लागू होत नाही. पुढची जात कुठेतरी उगवेल, हनानला ती दिसेल, आणि ती आम्हाला सांगू शकणार नाही. लॉरीनची प्रयोगशाळा वाचली, पण नवी जात निघाल्याचं तिला आता आधी कळणार नाही. मला त्याची भीती वाटते.